नमुना

वर्षातून एकदा कामगारांच्या तब्येतीचे डॉक्टर येतात
आणि प्रत्येकीच्या हातात झाकणाची एक डबी ठेवतात.
"पन्नास मिली पुरे. दुपारपर्यंत."

झोंगुल्दाकमध्ये पहाटे साडेपाचला अंधारच असतो.
दोनशे सोळा पायऱ्या उतरून येते मी.
बंदरावर कोळशाची धूळ दवाने ओली होऊन बसलेली,
आणि सहाला पहिली सुई.
तेव्हापासून पाणी प्यायलेलं नाही.
प्यायलं तर जावं लागतं,
गेलं तर माझ्या पाच खुर्च्या कोण बघणार?
हाजेर?
तिच्या स्वतःच्या पाच, शिवाय मनगटाला पट्टा.

म्हणून डबी खिशात,
चिमटा, पेन, चिकटपट्टीच्या शेजारी.

चार नंबरच्या रिफ्कीकाकाला दिसलीच ती.
एकतीस वर्षं खाणीत काढलेला माणूस,
अंधारातलं त्याला आधी दिसतं.
"पोरी, खिशात काय?"
सांगितलं.
एवढा हसला, एवढा हसला
की यंत्राने दाब वाढल्याचा गजर दिला.
मी गजर बंद केला, नळी सरळ केली,
तरी तो हसतोच आहे.

"सहा वर्षं झाली मला.
शेवटचं कधी ते नीट आठवतं:
मुलीच्या लग्नात, हॉलच्या मागे, बर्फात, भिंतीशी.
आत ढोल चाललेला.
शेवटचं आहे हे ठाऊक असतं
तर जरा सावकाश केलं असतं गं."

मग सगळा हॉल जागा झाला.
नेजाहतबाई म्हणाल्या, नळ सोडून बस, आवाजाने येतं.
खिडकीजवळचा मास्तर म्हणाला, पायांवर गार पाणी.
कोणी म्हणालं, कलिंगड.
कलिंगड म्हटल्यावर जरा वेळ कोणीच बोललं नाही.

ज्यांना मुळी होतच नाही अशी दहा माणसं
मला शिकवत होती.

एका माणसाचं रक्त तासाला अठरा लिटर धावतं इथे.
त्या धावण्याला डोळा लावून उभं राहायचं.
दहा-दहा लिटरचे कॅन कमरेवर घ्यायचे,
आम्लाचा वास केसांत घेऊन घरी जायचं,
उशीलाही तो येतो.
तीन वर्षांपूर्वी नऊ नंबरची सुई माझ्या अंगठ्यात गेली.
नऊ नंबरला कावीळ होती, रक्तातली, जुनी.
सहा महिने मी टॉवेल वेगळा ठेवला.
नवऱ्याला सांगितलं, पुरळ आहे.
निकाल चांगला आला त्या दिवशी
नऊ नंबरची खुर्ची रिकामी होती,
आणि दुपारी तिथे दुसरं कोणी बसलं.
फॉर्मवर या सगळ्यासाठी
एकच चौकोन आहे: इतर.

एक वाजता सुया काढल्या.
दाबून धरायचं, दहा मिनिटं, प्रत्येकाला,
माझी बोटं आणि त्यांची शीर,
बोटांना आता भिंतीवरही ठोके लागतात.
मग संडासात नळ सोडून बसले.
डबीत पडलं ते तळ झाकण्यापुरतं,
रंग आपल्याकडच्या चहाचा,
दोनदा उकळलेल्या.
डॉक्टरांनी ती उजेडात धरली,
लिहिलं: पाणी भरपूर प्यावे.

परत आले तर रिफ्कीकाका कोट घालून, टोपी हातात,
गाडीची वाट बघत बसलेला.
"किती?"
मी बोटाने दाखवलं. अर्धं पेर.
या खेपेला तो हसला नाही.
गोळ्यांसाठी दिलेला त्याचा ग्लास तसाच होता,
दिवसभराच्या हिशेबातलं पाणी, दोनशे मिली.
तो त्याने माझ्याकडे सरकवला.
"पी. तुझं अजून चालू आहे."

नको म्हणायला वेळ नव्हता,
दारात दुसरी पाळी वजन करून घेत उभी होती.
दोन घोट घेतले. कोमट. औषधाच्या कागदाची चव.

आणि त्याच्या तक्त्यात,
हाताला सवय आहे म्हणून,
तेवढे वजा केले.